हवा आधी, छिद्र नंतर

मोटारसायकलसाठी पंक्चरचं किट म्हणून बाजारात जे पाकीट मिळतं, त्यात बहुतेक वेळा कानशीसारखी खरखरीत एक सळई, टोकाला डोळा असलेली दुसरी सळई, पाच-सहा चिकट स्ट्रिप, सोल्यूशनची छोटी ट्यूब आणि एखादं ब्लेड असतं. ही सगळी सामग्री टायरला पडलेलं छिद्र बुजवण्यासाठी आहे. ते काम अगदी नीट झालं तरी मोटारसायकल जागची हलत नाही, कारण तोवर टायरमधली हवा निघून गेलेली असते आणि ती परत भरणारी कुठलीही वस्तू त्या पाकिटात नसते. किट घेताना स्ट्रिप किती जाड, मूठ कशी, कंपनी कोणती यावर बराच खल होतो. हवेचा विचार मात्र ‘मिळेल कुठेतरी जवळपास’ एवढ्यावर सुटतो. या प्रकरणाचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत हवा हा मुख्य प्रश्न आहे, छिद्र हा दुय्यम. म्हणून निवडीची सुरुवात पंपापासून करावी, बाकीच्या वस्तू आपल्या चाकाची जात पाहून त्याभोवती जमवाव्यात आणि पैसे व सामानातली जागा यांची वाटणीही त्याच क्रमाने करावी.

हे पटण्यासाठी दोन चालक डोळ्यांसमोर आणू. एकाकडे फक्त पंप आहे, दुसऱ्याकडे फक्त स्ट्रिपचं पाकीट. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसतो तेव्हा रबर त्याला घट्ट धरून ठेवतं आणि हवा बहुधा हळूहळू झिरपते. कधी तासाभरात, कधी रात्रभरात. पंपवाला चालक खिळा तसाच राहू देतो, हवा भरतो, सावकाश पुढच्या गावापर्यंत जातो, वाटेत गरज पडली तर पुन्हा भरतो. स्ट्रिपवाल्याने खिळा उपसला, की हळू गळणारं चाक क्षणात सपाट होतं. मग स्ट्रिप कितीही सफाईने बसवली तरी तो तिथेच उभा राहतो. हवा जाण्याची इतर कारणंही आहेत. व्हॉल्व्हच्या आतली पिन सैल होते, खड्ड्यात आदळून रिमची कड वाकते आणि तिथून हवा फुसफुसत राहते, किंवा चाक फार दिवस उभं राहून नुसतंच बसतं. यांपैकी कशावरही स्ट्रिपचा उपयोग नाही. पंपाचा मात्र प्रत्येक वेळी होतो. हवेविना छिद्राची दुरुस्ती कधीच पुरी होत नाही, छिद्राच्या दुरुस्तीविना हवा मात्र पुष्कळदा घरी पोहोचवते. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हा असमतोल आहे.

आता हवा किती लागते ते पाहू, कारण पंप निवडण्यात बहुतेकांची चूक इथेच होते. रॉयल एनफील्डच्या पहिल्या हिमालयनचं मागचं टायर १२०/९०-१७ मापाचं आहे. म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्याच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. रबराची जाडी वगळून ढोबळ हिशेब केला तर आतली पोकळी साधारण १४ लिटर भरते. रोजच्या वापरातल्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांच्या टायरची पोकळी याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असते. दाबमापकावरचे ३२ पीएसआय म्हणजे बाहेरच्या वातावरणाच्या सव्वादोन पटींच्या जवळपास जादा दाब. सपाट झालेल्या टायरचा आकार टिकून असेल, तर त्यात वातावरणाच्या दाबाची हवा आधीच असते. वरचा दाब आणायला १४ लिटरच्या पोकळीत बाहेरची सुमारे ३१ लिटर हवा कोंबावी लागते. दाब कमी चालणार असेल तर हा आकडा झपाट्याने उतरतो. २० पीएसआयवर सावकाश, एकट्याने, सामान उतरवून गावापर्यंत जायचं असेल, तर १९ लिटर पुरतात. किटमधला पंप आपल्या टायरला ही वीस-तीस लिटर हवा खरोखर देऊ शकतो का, हा निवडीतला पहिला प्रश्न आहे. पाकिटावर छापलेल्या ‘१५० पीएसआय’ या आकड्यातून त्याचं उत्तर मिळत नाही. तो आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब सोसतो एवढंच सांगतो. मोटारसायकलला तेवढा दाब कधीच लागत नाही. लागते ती हवेची मात्रा.

या हिशेबाची पहिली कसोटी कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांना लावून पाहावी. सायकलस्वारांमध्ये त्या लोकप्रिय आहेत आणि मोटारसायकलच्या महागड्या किटमध्येही हल्ली त्या दिसतात. आकाराने लहान, दिसायला देखण्या, आणि पिळताच काही सेकंदांत वायू मोकळा. पण एका नळकांडीतला १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आपल्याकडच्या तापमानाला जेमतेम ९ लिटर जागा व्यापतो. सायकलच्या अरुंद टायरला तो भरपूर झाला. वरच्या १४ लिटरच्या टायरला मात्र एका नळकांडीने ९-१० पीएसआय मिळतात. गावापर्यंत जाण्याजोगा दाब आणायला दोन लागतात, पूर्ण दाबाला साडेतीन. त्यात एखादी नळकांडी जोडताना वाया गेली किंवा स्ट्रिप पहिल्या खेपेला नीट बसली नाही, तर दुसरी संधी नाही. शिवाय रबरातून हा वायू साध्या हवेपेक्षा बराच जलद झिरपतो, त्यामुळे नंतर टायर साध्या हवेने पुन्हा भरून घ्यावंच लागतं. आणि उन्हात तापणाऱ्या काळ्या टँकबॅगेत दाबाखालचा वायू बाळगणं आपल्या एप्रिल-मेमध्ये मला शहाणपणाचं वाटत नाही.

तरीही या नळकांड्यांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. हवा नसताना ट्यूबलेस टायर थोडंसं जरी चालवलं गेलं, तर त्याची कड, म्हणजे बीड, रिमवरच्या बैठकीतून सुटते. मग फट एवढी मोठी पडते की लहान पंपाने हवा भरली तेवढी लगेच बाहेर जाते आणि दाब वाढतच नाही. इथे एकदम सुटणारा वायूचा झोत कड रिमवर नेऊन बसवू शकतो. पण त्यासाठी आणखी स्वस्त मार्ग आहेत. कडेला साबणाचं पाणी लावावं, टायरच्या घेराभोवती सामानाचा पट्टा किंवा दोरी आवळून नक्षीचा मधला भाग आत दाबावा, म्हणजे दोन्ही कडा बाहेर ढकलल्या जातात. आणि व्हॉल्व्हची पिन काढून टाकावी, म्हणजे हवेची वाट रुंद होते. पिन काढायचं हत्यार बोटाएवढं आणि काही रुपयांचं असतं. तयार पाकिटांत ते क्वचितच दिसतं, माझ्या मते मात्र ते प्रत्येक किटमध्ये हवंच. दुर्गम भागात जाणाऱ्याने पंपाच्या जोडीला दोन नळकांड्या घेतल्या तर हरकत नाही. पंपाऐवजी घेऊ नयेत.

पंपात पहिली निवड हाताच्या किंवा पायाच्या पंपाची. सायकलच्या चौकटीला लावतात तसला बारीक पंप घेतला, नळीचा व्यास २ सेंटिमीटर आणि दांड्याची धाव २० सेंटिमीटर धरली, तर एका दमात सुमारे ६३ घनसेंटिमीटर हवा आत जाते. ३१ लिटरसाठी असे जवळपास ५०० दम मारावे लागतात, आणि गळती धरली तर त्याहून जास्त. जोर फार लागत नाही, कारण दट्ट्या लहान आहे. चिकाटी मात्र लागते. पायपंपाची नळी साडेपाच सेंटिमीटर व्यासाची आणि धाव १२ सेंटिमीटर असेल, तर हेच काम हिशेबाने ११० दाबांत होतं, प्रत्यक्षात सव्वाशे-दीडशेत. तो जड असतो, जागा खातो, पण बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही. वॉशर सुकलं तर त्याला तेलाचा थेंब दिला की भागतं. खोगीर-पिशव्या किंवा पेट्या लावून फिरणाऱ्याने पायपंप घ्यावा. ज्याच्या गाडीत सीटखाली वहीएवढीच जागा आहे, त्याने रबरी नळी असलेला बारीक पंप घ्यावा आणि पूर्ण दाबाचा हट्ट न धरता २० पीएसआयवर निघण्याची तयारी ठेवावी.

महाराष्ट्रातून दरवर्षी लडाखला जाणाऱ्यांसाठी या हिशेबाला एक पुरवणी आहे. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा ला सुमारे ४,९०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५५ टक्केच असतो. पंपाची नळी तेवढीच, पण तिच्यात शिरणारी हवा जवळपास निम्म्यावर येते. पुण्यात ११० दाबांत जे टायर भरतं, त्याला तिथे २०० दाब लागतात, आणि तेही धाप लागलेल्या माणसाने मारायचे असतात. वायूच्या नळकांडीत मात्र ठरावीक वजनाचा वायू असतो, त्यामुळे उंचीवर ती कमी पडत नाही. तिला सामानात जागा द्यायचीच असेल, तर ती अशा प्रवासात द्यावी. त्याच उंचीवर दुसरी एक गोष्ट घडते. पंक्चर नसलेल्या टायरचा दाबमापकावरचा आकडा खालच्यापेक्षा सहा-साडेसहा पीएसआय जास्त दिसतो, कारण मापक आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक मोजतं. हवा फार झाली म्हणून ती वर सोडून दिली, तर मनालीला किंवा लेहला उतरताना टायर मऊ पडतं, आणि ट्यूब असलेल्या चाकात मऊ टायर हेच पंक्चरचं एक मोठं कारण आहे. थंडीने हा आकडा पुन्हा थोडा उतरतो, म्हणून सकाळी गार टायरवर मोजूनच निर्णय घ्यावा.

विजेचे पंप दोन जातींचे. पहिला मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतो. असा १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सुमारे १० अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे पाच मिनिटांत ०.८ अँपिअर-तासांच्या आसपास खर्च. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या बॅटऱ्या ३ ते ९ अँपिअर-तासांच्या असतात. निरोगी बॅटरीला हा खर्च झेपतो, जुनाट बॅटरीला कदाचित झेपणार नाही. आणि हल्लीच्या कित्येक गाड्यांना किक नसल्यामुळे बॅटरी बसली तर एका अडचणीच्या दोन होतात. म्हणून इंजिन चालू ठेवून आणि चिमटे थेट बॅटरीला लावूनच तो वापरावा. हँडलवरच्या यूएसबी सॉकेटचं हे काम नाही; त्याची ताकद कॉम्प्रेसरच्या गरजेच्या दहाव्या हिश्शाएवढीही नसते. दुसरी जात स्वतःची लिथियम बॅटरी असलेल्या, मोबाइलसारख्या चार्ज होणाऱ्या पंपांची. दाब ठरवून दिला की तिथे आपोआप थांबतात, हाताला श्रम नाहीत, घरी महिन्यातून एकदा हवा तपासायला तर फारच सोयीचे. यांच्यावर आक्षेप एवढाच की पंक्चर वर्षातून एखाद्या वेळी होतं आणि त्या दिवशी पंप चार्ज असेलच याची हमी नाही. जो दर महिन्याला त्याच पंपाने हवा भरतो, त्याच्यापुरता हा आक्षेप गळून पडतो. डिकीत टाकून विसरणाऱ्याने मात्र स्नायूंवर चालणारा पंपच घ्यावा. माणसाच्या सवयीप्रमाणे वस्तू निवडावी. वस्तू घेतल्याने सवय लागेल अशी आशा धरू नये.

पंप कोणताही असो, तो व्हॉल्व्हला बसतो का हे विकत घेण्यापूर्वी पाहावं लागतं, कारण इथे चांगले पंपही निरुपयोगी ठरतात. आपल्या साध्या सायकलींच्या ट्यूबला वेगळ्या जातीचा व्हॉल्व्ह असतो. मोटारसायकल, कार, ट्रक या सगळ्यांना १८९० च्या दशकातल्या अमेरिकी पेटंटांतून आलेला श्रेडर व्हॉल्व्ह असतो. घरात पडलेला सायकलचा पंप त्याला जोडणीशिवाय लागत नाही. श्रेडरला लागणारा पंप असला, तरी चाकाची रचना आडवी येते. डिस्कची तबकडी, चेनचं चक्र आणि आरे यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सरळ व्हॉल्व्ह असेल, तर पंपाचं ठोकळ्याएवढं तोंड आत शिरतच नाही. त्यासाठी आटे फिरवून बसणारी लवचीक नळी असलेला पंप निवडावा, किंवा काटकोनात वळलेली छोटी जोडणी सोबत ठेवावी. आपल्याच अंगणात, आपल्याच गाडीच्या दोन्ही चाकांना तो लावून पाहणं यापेक्षा भरवशाची दुसरी कसोटी नाही. शिवाय पंपावरच्या दाबमापकावर फार विसंबू नये. पेनाएवढं स्वतंत्र मापक स्वस्त मिळतं.

हवेचा प्रश्न सुटला की मग छिद्राकडे वळावं, आणि इथे चाकाची जात सगळं ठरवते. अलॉय चाक म्हणजे ट्यूबलेस, असा सर्रास समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. अलॉय चाकात ट्यूब असलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ धावल्या आहेत. उलट बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसमध्ये आरे रिमच्या कडेला जोडून आऱ्यांचं चाकही ट्यूबलेस करून दाखवलं, आणि तशी चाकं आता आपल्याकडेही येतात. टायरच्या बाजूवर ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असं कोरलेलं असतं, पण ट्यूबलेस टायरच्या आतही कुणी ट्यूब घातलेली असू शकते. ट्यूब असलेल्या चाकात स्ट्रिप खुपसली, तर टायर बुजतं, ट्यूब फाटते आणि साध्या ठिगळाने भागलं असतं तिथे नवी ट्यूब घ्यावी लागते. व्हॉल्व्हच्या बुंध्याशी रिमवर नट दिसत असेल तर शंका घ्यावी, आणि ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून एकदा पक्कं करून घ्यावं.

ट्यूबलेससाठी स्ट्रिपचं साधं किट पुरतं, मात्र हत्यारांची मूठ टी आकाराची आणि सळई जाड असावी. आपल्या बहुसंख्य गाड्यांची टायर नायलॉनच्या पदरांची असतात. त्यांत हत्यार तुलनेने सहज जातं. मोठ्या गाड्यांच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली बऱ्याचदा पोलादी तारांचे पट्टे असतात. तिथे पेन्सिलीच्या जाडीची प्लास्टिकची मूठ हातात मोडते. खरखरीत सळई आत-बाहेर फिरवणं हे अनेकांना छिद्र विनाकारण मोठं करणं वाटतं. खरं तर त्याने छिद्राची भिंत खडबडीत आणि स्वच्छ होते, तिथे सोल्यूशन धरतं आणि स्ट्रिपला कापू शकणारी तुटकी तारांची टोकं घासली जातात. ही पायरी गाळली, तर स्ट्रिप काही किलोमीटरांत सैल होऊ शकते. डोक्याला छत्री असलेले मश्रूम प्लग आतून अडकून बसतात आणि बाहेर फेकले जाण्याची भीती कमी असते. पण ते बसवायला वेगळं यंत्र लागतं आणि वेडंवाकडं फाटलेलं छिद्र चिकट दोरीसारख्या स्ट्रिपला जसं भरता येतं, तसं त्यांना येत नाही. छिद्र जरा मोठं असेल तर दोन स्ट्रिप एकाशेजारी एक घालता येतात, हा स्ट्रिपचा मोठा फायदा. सामान्य चालकाने स्ट्रिपच घ्याव्यात, आणि वाचलेले पैसे पंपात घालावेत.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की बाहेरून घातलेली स्ट्रिप ही दुरुस्तीच नव्हे. दोन चाकांच्या वाहनाला ती धोक्याची आहे. या आक्षेपात तथ्य आहे. मोटारगाड्यांच्या टायरसाठीसुद्धा मान्य पद्धत अशी, की टायर रिमवरून उतरवून आतून पाहायचं, छिद्र ६ मिलिमीटरपर्यंतचं आणि नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल तरच आतून पॅच आणि दांडा बसवायचा. मोटारसायकलचं टायर वळताना कडेवर कलतं, भार आणि ताण बदलत राहतो, आणि एका टायरची हवा अचानक गेली तर सावरायला बाकीची तीन चाकं नसतात. त्याचबरोबर आपल्या रस्त्यांवर स्ट्रिप घातलेली असंख्य टायर झिजून संपेपर्यंत चालतात, हेही खरं. दोन्ही गोष्टी मान्य करून मी असा निष्कर्ष काढतो, की स्ट्रिप ही गावापर्यंत पोहोचण्याची सोय आहे. तिच्यावर वेग आवरावा, मागे माणूस बसवू नये, थोडं अंतर गेल्यावर दाब पुन्हा तपासावा आणि जमेल तितक्या लवकर टायर उतरवून आतून पाहून घ्यावं. साइडवॉलला पडलेलं छिद्र मात्र कोणत्याही किटने बुजवू नये, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि स्ट्रिप तिथे टिकत नाही.

ट्यूबच्या चाकाचं काम अवघड आहे, पण समजतात तेवढं अवघड नाही. आपले पंक्चरवाले चाक न काढता जे करतात, ते पाहण्यासारखं असतं. व्हॉल्व्हमधून उरलेली हवा सोडून टायरची एक कड पायाने किंवा लिव्हरने रिमवरून सुटी करायची, व्हॉल्व्ह जागच्या जागी ठेवून बाकीची ट्यूब बाहेर ओढायची, तिच्यात थोडी हवा भरून छिद्र शोधायचं, घासायचं, सोल्यूशन लावून ते सुकून निस्तेज होईपर्यंत थांबायचं आणि मग पॅच दाबायचा. इथेही छिद्र शोधायलाच पहिल्यांदा हवा लागते, हे लक्षात घ्यावं. ट्यूबवाल्याने टायर लिव्हर दोन-तीन, पॅच वेगवेगळ्या मापांचे, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोल्यूशन एवढं तरी बाळगावं. पॅच एकापेक्षा जास्त हवेत, कारण मऊ टायर खड्ड्याच्या कडेवर आदळलं, की ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. लांबच्या प्रवासात जादा ट्यूब न्यावी, आणि मग एक्सलच्या नटाला बसणारा पान्हाही न्यावा लागतो, कारण ट्यूब बदलायला चाक उतरवावंच लागतं. पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १७ इंची असलेल्या गाडीला दोन ट्यूब नेण्याची जागा नसेल, तर एकच २१ इंचीची न्यावी. सुरकुती पडणार नाही अशी नीट बसवली तर ती मागच्या चाकात तात्पुरती चालते. १७ इंची ट्यूब ताणून २१ इंचीच्या रिमवर बसवणं मात्र टाळावं.

सगळ्यात मोठा आक्षेप असा येतो, की टायरमध्ये आधीच सीलंट टाकलं की हा सगळा खटाटोप वाचतो. लहान खिळ्यांच्या छिद्रांवर ते ट्यूबलेसमध्ये खरोखर चांगलं काम करतं. पण त्याची मर्यादा छिद्राच्या आकाराची आहे, आणि चिरलेल्या टायरला किंवा ट्यूबमधल्या लांबट फाटीला त्याचा उपयोग नाही. छिद्र बुजेपर्यंत काही हवा गेलेलीच असते, म्हणजे पंपाची गरज टळत नाही. व्हॉल्व्हची पिन त्याने चिकटते, नंतर पॅच धरत नाही, आणि टायरमध्ये खिळा आहे हेच चालकाला कित्येक दिवस कळत नाही. दाबाच्या डब्यातून फवारायचा फेसाळ सीलंट हवा आणि सील एकदम देतो, म्हणून तो माझ्या युक्तिवादाला सर्वांत जवळचा पर्याय आहे. तरी तो एकदाच वापरता येतो, आणि असे डबे ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नयेत असं त्यांच्यावरच छापलेलं असतं. बंद डिकीत, विदर्भातल्या उन्हात, ही अट पाळणं कठीण. काही डब्यांतला वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून पंक्चरवाल्याला ते वापरल्याचं सांगणं हे चालकाचं कर्तव्य आहे.

राहिला तो रोजचा आक्षेप: पंक्चरची दुकानं पावलोपावली असताना किट हवंच कशाला? शहरात आणि महामार्गावर हे बरोबर आहे, आणि चांगला पंक्चरवाला जे काम करतो ते रस्त्याकडेला कुणालाही साधणार नाही. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना बंदी आहे. दुचाकीस्वाराला जुने रस्ते, घाट आणि गावरस्तेच धरावे लागतात. ताम्हिणीत किंवा वरंध्यात पावसाळी संध्याकाळी दुकान नसतं आणि कित्येक वळणांवर फोनला रेंजही नसते. जुन्या बजाज चेतकसारख्या स्कूटरींना पुढची-मागची चाकं एकाच मापाची असल्यामुळे एक स्टेपनी पुरत असे. मोटारसायकलला ती सोय कधी मिळालीच नाही. चारचाकी गाड्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नियम बदलून ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या छोट्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली. या बदलात दाबावर नजर ठेवणं आणि किट यांची जोडी मानली आहे, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते. किट बाळगणारा पंक्चरवाल्याला टाळत नाही, तो त्याच्यापर्यंत पोहोचतो.

किट घेतल्यावर ते पडून खराब होतं, हे शेवटी लक्षात ठेवायला हवं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, न उघडलेलीही वर्षांमागून वर्षं टिकत नाही. स्ट्रिप उष्णतेने कडक होतात आणि त्यांचा चिकटपणा जातो. ओलं रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापलं जातं, त्यामुळे काच आणि खिळे पावसाळ्यात जास्त आत शिरतात. म्हणून मेच्या अखेरीस किट उघडून सोल्यूशन आणि स्ट्रिप बदलाव्यात, पंपाचं वॉशर पाहावं, चार्जवाला पंप असेल तर तो भरून ठेवावा. त्याच दिवशी मागच्या चाकाची हवा मुद्दाम १० पीएसआयपर्यंत सोडून ती आपल्याच पंपाने पूर्ण दाबापर्यंत परत भरावी आणि लागलेला वेळ व दम मोजून किटच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. रिकाम्या टायरला याच्या जवळपास दीडपट लागेल, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो.